वेलिंग्टन बंदरात एक दिवस : क्रूझ प्रवाशांसाठी माओरी संस्कृतीची ओळख

सिडनी, मेलबर्न किंवा ऑकलंडहून सुटणाऱ्या बहुतेक न्यूझीलंड क्रूझवर राजधानी वेलिंग्टनच्या वाट्याला एकच दिवस येतो, आणि तोही पुरता नाही. सकाळी सात-आठच्या सुमारास जहाज धक्क्याला लागते आणि संध्याकाळी सहाच्या आसपास सुटते. ऑस्ट्रेलियात मुलांकडे राहायला गेलेले अनेक मराठी आई-वडील हल्ली अशा क्रूझवर जातात. त्यांतील ज्यांना माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या, संस्कृतीची ओळख करून घ्यायची आहे, त्यांच्यासाठी या एका दिवसाची आखणी पुढे दिली आहे.

सुरुवातीलाच एक निवड करावी. हाका हा माओरींचा जोशपूर्ण सामूहिक नृत्यप्रकार पाहायचा, जमिनीत शिजवलेले हांगीचे जेवण जेवायचे आणि छायाचित्रे घेऊन परतायचे, एवढाच हेतू असेल तर त्यासाठी उत्तर बेटावरील रोटोरुआ हे गाव आहे, आणि क्रूझ तौरांगा बंदरात थांबणार असेल तर तेथून तिकडे जाता येते. वेलिंग्टनमध्ये तसा तयार कार्यक्रम शोधण्यात वेळ घालवू नये. येथे पाहायचे ते वेगळे आहे. माओरी जमाती आणि ब्रिटिश सत्ता यांच्यात झालेल्या कराराचा मूळ कागद याच शहरात आहे, तो कागद पाळला गेला नाही म्हणून ज्या पायऱ्यांसमोर मोर्चे आले त्या पायऱ्या येथे आहेत, आणि सरकारने उचलून आणलेले एका माओरी जमातीचे कोरीव सभागृहही येथेच उभे आहे. म्हणून पुढचा क्रम मुद्दाम कागदापासून सुरू करून घरापर्यंत नेला आहे. तो उलटा केल्यास संग्रहालयातील अर्ध्या गोष्टींचा संदर्भ लागत नाही.

बोटीवर चढण्यापूर्वी

भारतीय पासपोर्टवर न्यूझीलंडला विमानाने जायचे असल्यास व्हिजिटर व्हिसा लागतो. क्रूझनेच येऊन क्रूझनेच परतणाऱ्या प्रवाशाला मात्र, नागरिकत्व कोणतेही असो, एनझेडईटीए ही इलेक्ट्रॉनिक परवानगी पुरते. ती मिळण्यास ७२ तासांपर्यंत वेळ लागू शकतो, त्यामुळे निघण्याच्या आदल्या दिवशी अर्ज करू नये. तिच्याबरोबरच परदेशी पाहुण्यांवरील शुल्कही भरावे लागते. १ ऑक्टोबर २०२४ पासून ते १०० न्यूझीलंड डॉलर झाले आहे. ऑकलंडला विमानाने उतरून तेथून जहाज पकडणाऱ्यांना ही सवलत नाही, हे आरक्षण करण्यापूर्वीच लक्षात घ्यावे. जहाज सिडनीहून निघून सिडनीलाच परतणार असेल तर ऑस्ट्रेलियाचा व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा असला पाहिजे, कारण आपण त्या देशातून बाहेर पडून पुन्हा आत येत असतो. मुलांकडे राहायला आलेल्यांच्या लक्षात नेमकी हीच गोष्ट येत नाही. नियम बदलत राहतात; इमिग्रेशन न्यूझीलंडच्या संकेतस्थळावर ते वाचावेत आणि क्रूझ कंपनीकडून लेखी खात्री करून घ्यावी.

कपड्यांबाबत थोडक्यात सांगायचे तर वेलिंग्टनचा वारा प्रसिद्ध आहे आणि ती प्रसिद्धी वाजवी आहे. कुकच्या सामुद्रधुनीतून येणारा वारा भर उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतही, छत्री उलटी करतो. छत्री बोटीवरच ठेवून टोपी असलेला विंडचीटर घ्यावा. याच वाऱ्यामुळे एखादे वेळी जहाज बंदरात न शिरता पुढे निघून जाते. म्हणून जे काही तिकीट आधी काढाल ते रद्द केल्यास पैसे परत मिळणारे असावे.

नावांच्या उच्चाराची तयारी मराठी माणसाला फारशी करावी लागत नाही. माओरी स्वर आपल्यासारखेच ऱ्हस्व-दीर्घ आहेत, आणि रोमन लिपीत डब्ल्यू व एच एकत्र लिहिलेले दिसले की बहुधा ‘फ’ म्हणावे. दुकानात, बसमध्ये, संग्रहालयात ‘किया ओरा’ हे अभिवादन करावे. ते सगळेच करतात, केवळ माओरी नव्हे. १९८७ पासून माओरी ही देशाची अधिकृत भाषा आहे, आणि त्यामुळे पाट्यांवर दोन भाषा दिसतील. शहराचेही जुने नाव ते फांगानुई-आ-तारा असे आहे. तारा या पूर्वजाच्या नावाने ते बंदराला मिळाले.

धक्क्यावर उतरताना

मोठी जहाजे आओतेआ की या धक्क्याला लागतात. हा मालवाहतुकीचा चालू धक्का आहे. कंटेनर आणि निर्यातीसाठी रचलेल्या पाइनच्या ओंडक्यांच्या राशी यांच्यामधून पायी जाण्यास परवानगी नसते. शटल बस शहराच्या मध्यभागी, ब्रँडन स्ट्रीटपाशी आणून सोडते. तिचे भाडे तिकिटात धरलेले आहे की वेगळे द्यावे लागते, हे प्रत्येक कंपनीनुसार बदलते. बोटीवरून उतरण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात: शेवटची शटल कधी सुटते, बोटीवर परत येण्याची अंतिम वेळ कोणती, आणि बोटीवरील घड्याळ व आपल्या मोबाइलवरील घड्याळ एकच वेळ दाखवत आहेत का. मोबाइल किनाऱ्यावरचे नेटवर्क पकडून स्थानिक वेळ घेतो, बोट मात्र कधी कधी आपलीच वेळ चालवते.

खाण्याचे पदार्थ बोटीवरच राहू द्यावेत. फळे, दुधाचे पदार्थ, मध, बिया, मांस यांबाबत न्यूझीलंडचे जैवसुरक्षा नियम अत्यंत कडक आहेत, आणि जाहीर न केलेल्या वस्तूसाठी जागच्या जागी ४०० डॉलर दंड होतो. न्याहारीच्या टेबलावरून सहज पर्समध्ये टाकलेले सफरचंद यात येते, आणि घरून आणलेले पेढेही. बुटांना लागलेली मातीसुद्धा धुऊन उतरावे.

पहिला टप्पा : कराराचा कागद

शटलमधून उतरल्यावर केबल कारच्या रांगेकडे बहुतेक सहप्रवासी वळतील. १९०२ पासून चालणारी ती तांबडी गाडी छान आहे, पाच मिनिटांत केलबर्नच्या टेकडीवर नेते, पण दिवस माओरी संस्कृतीसाठी ठेवला असेल तर तिला शेवटी जागा द्यावी. आपण लॅम्ब्टन की या रस्त्याने उत्तरेकडे चालू लागावे.

हा रस्ता एके काळी समुद्रकिनारा होता. पदपथावर जागोजाग बसवलेल्या छोट्या पट्ट्या १८४० मधील किनाऱ्याची रेषा दाखवतात. २३ जानेवारी १८५५ च्या प्रचंड भूकंपाने येथील जमीन वर उचलली गेली आणि त्यानंतर भराव घालत शहर समुद्रात पुढे सरकत गेले; म्हणून रस्त्याच्या नावात धक्का आहे आणि समुद्र मात्र काही गल्ल्या पलीकडे. रस्ता संपतो तेथे, संसदेच्या अलीकडे, वाइतिती लँडिंग नावाची छोटी मोकळी जागा आहे. पूर्वी माओरींच्या होड्या, म्हणजे वाका, येथे किनाऱ्याला लागत. तेथील कोरीव खांब ऑफिसला जाणाऱ्यांच्या नजरेतून सुटतात. आपण थांबून पाहावेत.

तेथून मोल्सवर्थ स्ट्रीटने चढत गेल्यावर राष्ट्रीय ग्रंथालय लागते. ब्रँडन स्ट्रीटपासून रमतगमत पंधरा-वीस मिनिटे पुरतात. येथे ‘हे तोहू’ हे कायमस्वरूपी प्रदर्शन २०१७ पासून मांडलेले आहे. प्रवेश विनामूल्य आहे, मात्र रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी ते बंद असते; तुमचे जहाज रविवारी येणार असेल तर हा टप्पा वगळून थेट संग्रहालय गाठावे लागेल, आणि तेथील कराराच्या दालनावर भागवावे लागेल.

कागद ठेवलेली खोली रिमू या देशी झाडाच्या लाकडाने मढवलेली आहे, आणि मौल्यवान पिसे जपून ठेवण्याच्या माओरी पेटीवरून तिचा आकार सुचलेला आहे. आत उजेड मुद्दाम मंद ठेवलेला असतो. डोळे सरावायला मिनिटभर द्यावे. तीन दस्तऐवज येथे आहेत. पहिला १८३५ चा, उत्तरेकडील माओरी सरदारांनी केलेला स्वातंत्र्याचा जाहीरनामा. दुसरा १८४० चा वाइतांगीचा तह, म्हणजेच सुरुवातीला सांगितलेला माओरी जमाती आणि ब्रिटिश सत्ता यांच्यातील करार. तिसरा १८९३ चा, स्त्रियांना मतदानाचा हक्क मागणारा अर्ज. सह्यांचे कागद एकापुढे एक चिकटवून तो इतका लांब झाला होता की संसदेत आणताना झाडूच्या दांड्याभोवती गुंडाळावा लागला. त्याच वर्षी न्यूझीलंडमधील स्त्रियांना मताधिकार मिळाला.

सर्वांत जास्त वेळ तहापाशी काढावा. ६ फेब्रुवारी १८४० रोजी उत्तरेतील वाइतांगी येथे पहिल्या सह्या झाल्या आणि नंतर त्याच्या प्रती देशभर फिरवल्या गेल्या. २९ एप्रिल १८४० रोजी या बंदरातील सरदारांनीही एका प्रतीवर सह्या केल्या. एकंदर पाचशेहून अधिक सरदारांनी हा तह मान्य केला, त्यांत काही स्त्रियाही होत्या. काच जवळून पाहिल्यास दिसते की मुख्य पत्रकाचे तुकडेच शिल्लक आहेत: कडा कुरतडलेल्या, मधला भाग गळालेला. सरकारी इमारतीच्या तळघरात पडून असताना ओलीने आणि उंदरांनी त्याची ही दशा केली. उरलेल्या भागावर सह्यांच्या जागी काही ठिकाणी वळणदार, बारीक रेघा दिसतात. अनेक सरदारांनी आपल्या चेहऱ्यावर गोंदवलेल्या मोकोमधील एखादे वळण शाईने काढून ते सही म्हणून दिले होते. हे वाचून समजण्यापेक्षा प्रत्यक्ष पाहून अधिक समजते.

वाद काय आहे, तेही येथेच समजून घ्यावे. इंग्रजी मजकुराप्रमाणे सरदारांनी सार्वभौमत्व ब्रिटनच्या राणीच्या हवाली केले. बहुतेकांनी ज्यावर सही केली त्या माओरी मजकुराप्रमाणे त्यांनी राज्यकारभार चालवण्याचा अधिकार दिला आणि आपल्या जमिनी, वस्त्या व ठेवी यांवरील स्वतःची सत्ता स्वतःकडे राखली. पुढच्या काळात जमिनी गेल्या, त्या पहिल्या मजकुराच्या आधारावर. या तक्रारी ऐकण्यासाठी वाइतांगी न्यायाधिकरण स्थापन झाले ते १९७५ मध्ये.

दुसरा टप्पा : संसदेच्या पायऱ्या

ग्रंथालयासमोरच संसदेचा परिसर आहे. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दिसणारी आणि बीहाइव्ह याच नावाने ओळखली जाणारी गोल इमारत सगळे टिपतात, पण तिच्यात मंत्र्यांची कार्यालये आहेत. सभागृह शेजारच्या दगडी संसद भवनात आहे. मार्गदर्शकासह होणारी सुमारे तासाभराची फेरी विनामूल्य असते. तिची नोंदणी बोटीवर चढण्यापूर्वीच संकेतस्थळावर करावी. या फेरीत माओरी कामकाज समितीचे दालन दाखवतात का, हे विचारावे. त्याच्या भिंतींवरील कोरीव आणि विणकाम वेगवेगळ्या जमातींच्या परंपरांतून आलेले आहे. १८६७ पासून संसदेत माओरींसाठी वेगळे मतदारसंघ आहेत. सुरुवातीला चार होते, आता सात आहेत.

फेरी मिळाली नाही तरी बाहेरच्या हिरवळीवर दहा मिनिटे उभे राहावे. माओरी भाषा शाळांत शिकवावी या मागणीचा तीस हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज १४ सप्टेंबर १९७२ रोजी याच पायऱ्यांवर देण्यात आला. ७९ वर्षांच्या फिना कूपर यांच्या नेतृत्वाखाली उत्तर टोकाकडून पायी निघालेला जमीन-मोर्चा १३ ऑक्टोबर १९७५ रोजी येथे पोहोचला. नोव्हेंबर २०२४ मध्ये तहाच्या तत्त्वांची नवी व्याख्या करू पाहणाऱ्या विधेयकाविरुद्ध तरुण खासदार हाना-राफिती मायपी-क्लार्क यांनी सभागृहातच हाका सुरू केला, विधेयकाची प्रत फाडली, आणि १९ नोव्हेंबरला हजारोंचा मोर्चा या हिरवळीवर येऊन थडकला. एप्रिल २०२५ मध्ये ते विधेयक मोठ्या बहुमताने फेटाळले गेले. बोटीवरच्या माहितीपत्रकात हे सापडणार नाही, आणि स्थानिक लोकांशी बोलताना हा विषय निघाल्यास पाहुण्याने मत देण्यापेक्षा ऐकून घेणे बरे.

परतताना रेल्वे स्थानकावरून जावे. स्थानकासमोर महात्मा गांधींचा पुतळा आहे. भारत सरकारने भेट दिलेला हा पुतळा २ ऑक्टोबर २००७ रोजी बसवला गेला. काठी घेऊन चालणारे गांधीजी वेलिंग्टनच्या वाऱ्यात पंचा नेसून उभे पाहून आपल्यालाच थंडी वाजते.

तिसरा टप्पा : समुद्रकाठाने

स्थानकापासून समुद्रकाठचा सपाट, वाहनांपासून मोकळा रस्ता दक्षिणेकडे थेट संग्रहालयापर्यंत जातो. रमत गेल्यास अर्धा तास लागतो, बाके भरपूर आहेत, आणि गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनाही तो जमतो. वाटेत ते फारेवाका ओ पोनेके ही इमारत दिसेल. २०११ मध्ये उघडलेल्या या इमारतीचे छप्पर अंगावर पांघरलेल्या झग्यासारखे घडीदार आहे. येथे कोरीव वाका ठेवतात आणि काचेतून त्या दिसतातही. आधी नोंदणी केल्यास वल्हे हातात घेऊन वाकातून बंदरात जाण्याची सफर येथून करता येते. एकच काही पैसे देऊन करायचे असेल तर हे करावे, असे माझे मत आहे, कारण येथे आपण प्रेक्षक राहत नाही. आज्ञा ऐकून सगळ्यांबरोबर वल्हे मारावे लागते.

जवळच कुपेचा पुतळा आहे. माओरी परंपरेप्रमाणे हवाइकी या पूर्वजांच्या मूळभूमीहून महासागर ओलांडून या भूमीपर्यंत आलेला हा आद्य दर्यावर्दी. शेजारी त्याची पत्नी हिने ते अपारांगी. मूळ पुतळा १९४० च्या प्रदर्शनासाठी प्लास्टरमध्ये केला होता, त्यावरून पुढे ब्रॉन्झचा ओतला.

येथे उभे राहून बंदराकडे पाहावे. कथा अशी की हे एके काळी सरोवर होते आणि त्यात न्गाके आणि फाताइताइ असे दोन तानिफा, म्हणजे जलदैत्य, राहत. न्गाकेने सारे बळ एकवटून दक्षिणेचा खडक फोडला आणि समुद्रात निसटला. बंदराचे तोंड ते हेच, जेथून सकाळी आपले जहाज आत आले. फाताइताइला ते जमले नाही. तो उथळ पाण्यात अडकला आणि जमीन होऊन पडला. त्या भागाला आज हाताइताइ म्हणतात. त्याचा प्राण पक्षी होऊन जेथे जाऊन रडला ती माताइरांगीची टेकडी संग्रहालयाच्या मागेच दिसते. इंग्रजी नकाशात तिचे नाव माउंट व्हिक्टोरिया आहे.

संग्रहालयात शिरण्यापूर्वी पाच मिनिटांचे एक वळण घ्यावे. तारानाकी स्ट्रीटवर, ३९ क्रमांकाच्या निवासी इमारतीच्या तळमजल्यावर, काचेमागे काळपट पडलेले वृक्षनेच्याचे बुंधे जमिनीत ओळीने रोवलेले दिसतात. २००५ मध्ये इमारतीसाठी खणताना ते सापडले. ते आरो पा या माओरी वस्तीतील, १८४० च्या दशकातील घरांच्या या भिंती. बुंध्यांवरची खवल्यांसारखी नक्षी अजून स्पष्ट आहे, वर फ्लॅट आहेत, आणि बाहेर फारशी मोठी पाटी नाही. वसाहतीच्या सुरुवातीच्या काळात शेकडो माओरी जेथे राहत होते, तेथील एवढेच शिल्लक आहे.

चौथा टप्पा : ते पापा

ते पापा तोंगारेवा हे राष्ट्रीय संग्रहालय १४ फेब्रुवारी १९९८ रोजी उघडले. वेळ सकाळी १० ते संध्याकाळी ६. सप्टेंबर २०२४ पासून १६ वर्षांवरील परदेशी पाहुण्यांना ३५ डॉलरचे तिकीट आहे. सहा मजले एका दुपारी पाहून होत नाहीत. दुसऱ्या मजल्यावर प्रचंड स्क्विड आणि पहिल्या महायुद्धातील गॅलिपोलीच्या लढाईचे मोठ्या पुतळ्यांचे दालन आहे. ते उत्तम आहे, पण वेळ खाते. आपण लिफ्टने सरळ चौथ्या मजल्यावर जावे.

मना फेनुआ या माओरी दालनातील ‘ते हाउ की तुरांगा’ हे कोरीव सभागृह हा या दिवसाचा गाभा आहे. रोंगोफाकाआता जमातीचा राहारुही रुकुपो या थोर कारागिराच्या हाताखाली १८४० च्या दशकात ते उभे राहिले. शिल्लक असलेल्या कोरीव सभागृहांत ते सर्वांत जुने मानले जाते. १८६७ मध्ये सरकारी अधिकाऱ्यांनी जमातीचा विरोध डावलून ते उचकटून वेलिंग्टनला आणले. कायद्याने आता मालकी जमातीकडे परत गेली आहे आणि सभागृह मूळ गावाकडे नेण्याची तयारी आहे. म्हणून ते पाहण्यास खुले आहे का, हे प्रवासाआधी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर तपासावे.

अशा सभागृहाला फारेनुई म्हणतात आणि ते कसे पाहावे हे आधी माहीत असावे. ते एका पूर्वजाचे शरीर असते. छपराच्या टोकावरचा मुखवटा हे डोके, दोन्हीकडे उतरणाऱ्या फळ्या हे पसरलेले हात, त्यांच्या टोकांचे कोरीव भाग ही बोटे. आत शिरल्यावर मधला आडवा वासा हा कणा, दोन्ही बाजूंच्या रंगवलेल्या कड्या या बरगड्या, आणि भिंतीलगतच्या कोरीव फळ्यांवर एकेक पूर्वज उभा. रुकुपोने या पूर्वजांत स्वतःची प्रतिमाही कोरलेली आहे. डोळ्यांच्या जागी पाउआ शिंपल्याचे निळे-हिरवे तुकडे बसवलेले आहेत, आणि आपण हललो की त्यांतला उजेड हलतो. येथे भिंतीला टेकू नये, काही खाऊ-पिऊ नये, आणि आवाज बेताचा ठेवावा.

त्याच मजल्यावर बंदराकडे उघडणारे रोंगोमाराएरोआ हे संग्रहालयाचे स्वतःचे माराए, म्हणजे माओरींच्या एकत्र जमण्याचे पवित्र ठिकाण, आहे. क्लिफ व्हायटिंग यांच्या मार्गदर्शनाखाली घडवलेले येथील सभागृह झगझगीत गुलाबी, हिरव्या, निळ्या रंगांत आहे आणि जुन्या लाकडाऐवजी कारखान्यातील दाबीव लाकडाच्या फळ्यांचे आहे. जुने तपकिरी सभागृह पाहून आल्यावर काहींना हे खटकते. मला उलट वाटते, ही परंपरा चालू आहे याचा यापेक्षा ठळक पुरावा संग्रहालयात दुसरा नाही. तहाचे दालनही याच मजल्यावर आहे.

भारतीयांनी आणखी एका वस्तूची चौकशी करावी. तमिळ अक्षरे कोरलेली जहाजाची एक जुनी ब्रॉन्झची घंटा संग्रहालयाच्या मालकीची आहे. विल्यम कोलेन्सो या मिशनऱ्याला ती एकोणिसाव्या शतकात उत्तरेतील माओरींकडे बटाटे उकडण्याचे भांडे म्हणून वापरात असलेली आढळली. ती त्यांच्यापर्यंत कशी पोहोचली, याचे उत्तर अजून कोणालाही देता आलेले नाही.

माराएवर जाण्याचा योग आल्यास

काही सहली प्रवाशांना खऱ्या माराएवर नेतात. माराए हे खासगी ठिकाण असते. बोलावल्याशिवाय आत जाऊ नये, आणि फाटकाबाहेरून छायाचित्रही विचारूनच घ्यावे. बोलावणे असेल तर स्वागताचा विधी, म्हणजे पोफिरी, होतो. त्याचा क्रम ठरलेला आहे. पाहुण्यांनी फाटकाशी एकत्र उभे राहावे. आतून एक स्त्री उंच सुरात साद घालते. ती ऐकू आली की स्त्रिया पुढे ठेवून सावकाश, न बोलता चालावे. मध्ये क्षणभर थांबतात, ते दोन्ही बाजूंच्या दिवंगतांच्या स्मरणार्थ. नंतर भाषणे होतात आणि प्रत्येक भाषणानंतर त्या बाजूची मंडळी गाणे म्हणतात. पाहुण्यांच्या बाजूनेही गाणे अपेक्षित असते, म्हणून गटाने आधीच काहीतरी ठरवावे. सर्वांना पाठ असलेल्या अभंगाच्या चार ओळी उत्तम चालतात. सूर लागला नाही तरी कोणी हसत नाही, गप्प राहिलेला गट मात्र लक्षात राहतो.

शेवटी होंगी. समोरच्याचा उजवा हात हातात घ्यावा, किंचित पुढे वाकावे, डोळे मिटावेत आणि कपाळ व नाक हलकेच टेकवावे. घाई करू नये, आणि गालाचे चुंबन समजून मान वळवू नये. श्वास एकमेकांत मिसळणे हा त्यामागचा अर्थ आहे, आणि त्यानंतर आपण परके राहत नाही. सर्दी असल्यास हात मिळवून तसे सांगितले तरी चालते. मग एकत्र खाणे होते, आणि त्याने विधी पुरा होतो. पाहुण्यांनी द्यायची भेट, कोहा, सहलीच्या तिकिटात बहुधा धरलेली असते. नसल्यास गटाची मिळून रक्कम पाकिटात घालून गटप्रमुखाने द्यावी.

सभागृहात शिरताना देवळात शिरतो तसे जोडे बाहेर काढावेत. टेबलावर किंवा उशीवर बसू नये. कोणाच्या डोक्याला हात लावू नये, लहान मुलांच्यादेखील. डोके पवित्र मानतात. आपल्याकडे कौतुकाने मुलाच्या डोक्यावरून हात फिरवण्याची सवय असल्यामुळे ही एक गोष्ट घरातील ज्येष्ठांना आधीच सांगून ठेवावी. चेहऱ्यावर मोको असलेली माणसे रस्त्यातही भेटतील; हनुवटीवर गोंदलेली स्त्री बँकेत काउंटरवर असू शकेल. त्या रेघांत त्यांचे कूळ असते. टक लावून पाहणे आणि न विचारता छायाचित्र घेणे टाळावे.

हाकाबद्दलही तेच. जगभर रग्बीमुळे गाजलेला ‘का माते’ हा हाका न्गाती तोआ जमातीचा सरदार ते राउपाराहा याने साधारण १८२० च्या सुमारास रचला. ती जमात वेलिंग्टनच्याच परिसरातील आहे, आणि २०१४ च्या कायद्याने त्याचे श्रेय रीतसर तिला दिले गेले आहे. समुद्रकाठी उभे राहून जीभ बाहेर काढून छायाचित्र काढण्याचा मोह येथे तरी आवरावा.

जेवण आणि परतीची वाट

शाकाहारी प्रवाशांची या शहरात अडचण होत नाही. क्युबा स्ट्रीट आणि कोर्टने प्लेस या भागांत भारतीय उपाहारगृहेही आहेत. माओरी चवीचे काही हवे असेल तर बटाट्याच्या विरजणावर फुगवलेला रेवेना पाव शोधावा. हांगीतील रताळे, म्हणजे कुमारा, आणि भोपळा चविष्ट असतात, पण एकाच खड्ड्यात वाफवले जात असल्यामुळे मांसाचा रस त्यांना लागतो. कडक शाकाहारी असल्यास वेगळे शिजवले आहे का, हे स्पष्ट विचारावे.

खरेदीत पोउनामु या हिरव्या दगडाच्या पदकांना सर्वाधिक मागणी असते. दक्षिण बेटातील पोउनामुची मालकी १९९७ पासून न्गाई ताहू जमातीकडे आहे. स्वस्त दुकानांत तसाच दिसणारा आयात केलेला दगड विकतात. कारागिराचे नाव आणि दगड कोठला, हे दोन प्रश्न विचारावेत. उत्तर गुळमुळीत मिळाले तर पुढे जावे. संग्रहालयाचे दुकान यासाठी विश्वासाचे आहे. पदक स्वतःसाठी न घेता दुसऱ्याला द्यावे अशी रीत सांगतात, तेव्हा जोडप्यांनी एकमेकांसाठी घ्यावे.

संग्रहालयातून दुपारी चारला निघाल्यास ब्रँडन स्ट्रीटपर्यंत पंधरा-वीस मिनिटे लागतात, आणि शेवटच्या शटलसाठी लागणारी लांब रांग टळते. वेळ उरला तर केबल कार तेथून दोन मिनिटांवर आहे. जहाज पुढे ऑस्ट्रेलियाला जाणार असेल तर लाकडी कोरीव वस्तू, पिसे, शिंपले, बियांच्या माळा आणि विणलेल्या टोपल्या वेगळ्या पिशवीत बिलांसह ठेवाव्यात. सिडनीला उतरताना त्या जाहीर कराव्या लागतात. जाहीर केलेली वस्तू बहुधा पाहून लगेच परत देतात.